इथे हात मोजत नाहीत

ओल्शांका, मंगळवार, ५ मार्च

प्रिय स्तेफा,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो. पत्राची सुरुवात अशी करायची एवढं आईने शिकवलं होतं. पुढचं माझं मलाच जुळवावं लागतंय आणि माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. फोनवर माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. ग्दिन्याला मुलाकडे तुझी तब्येत बरी असेल. समुद्राची हवा दमट असते, छाती जपून ठेव.

इकडे बर्फ वितळलं, अंगणात चिखल झालाय. चुलीचं धुराडं नीट ओढत नाही, रोज वाटतं आज कोंडून मरू. पोस्टाचं तिकीट पुरेल की नाही तेही कळत नाही, दोन लावतो.

लोद्झा ठीक आहे. म्हणजे झोपून असते. बटाटे काढायच्या दिवसांत ती पडली, तेव्हापासून तिच्या डोक्यातली वर्षं पुढेमागे झाली आहेत. तुझं दुकान बंद झालंय हे ती विसरली. तुम्ही दोघी बहिणी बोलत नाही हेही विसरली. गेल्या आठवड्यापर्यंत सकाळी डोळे उघडले की म्हणायची, "वालेक, स्तेफाकडे जा. पांढरं चीज आण. आणि खारातली काकडी पिंपातली दे म्हणावं, बरणीतली नको."

मी टोपी घालून जायचो. कुठे जाणार? तुझ्या दुकानासमोरच्या त्या निळ्या स्वस्त दुकानातच जायचो, गावात दुसरं काही उरलेलं नाही. गल्ल्यावरची मुलगी म्हणायची, "आलात का अध्यक्षसाहेब, आज नफा बघायला?" त्या दुकानाच्या कंपनीत माझे शेअर आहेत हे सगळ्या गावाला माहीत आहे. घरी येऊन प्लास्टिक फाडून टाकायचो आणि चीज तुझ्यासारखं खाकी कागदात गुंडाळायचो. घड्या तुझ्यासारख्या जमत नाहीत.

मग ती विचारायची, "काय म्हणाली?" तू कधी टोमणा मारल्याशिवाय काही दिलं नाहीस, म्हणून मलाही रोज एक रचावा लागायचा. "म्हणाली, तुझा नवरा इतका वाळलाय की चीजबरोबर काट्यावर ठेवला तरी वजन वाढायचं नाही." लोद्झा हसायची. हसली की चार घास खायची.

आता त्या शेअरचं. तू चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत विचारलं होतंस, "दाजी, माझ्या दुकानाच्या मढ्यावर किती टक्के कमावलेत?" मी टोपी डोक्यावर ओढून घरी आलो. बँकेतल्या पोरीने तुझ्यासमोरच मला सांगितलं होतं, भाव चढलाय, विकायचे का म्हणून. तुला वाटलं ते चूक नव्हतं. पण झालं होतं वेगळंच.

त्या निळ्या दुकानवाल्यांनी तुझ्यासमोरची जागा घेतल्याचं कळलं आणि मी बाग विकली. शेअर घेतले ते त्यांना थांबवण्यासाठी. आपल्या सहकारी दूध सोसायटीत माझा एकच शेअर होता, तरी माझा हात मोजला जायचा. दूधकेंद्र बंद करायला निघाले होते तेव्हा आम्ही हात वर करूनच अडवलं होतं, तू आवारात उभी होतीस. मला वाटलं, शेअर म्हणजे शेअर. मालक म्हणून सभेत उभं राहायचं आणि सांगायचं, बाबांनो, ओल्शांकात एक दुकान आहे, बाई एकटी आहे, तुम्ही दुसरीकडे बांधा.

पोझनानला गेलो. कोट लोद्झाने इस्त्री करून दिला होता. मोठ्या हॉटेलात कंपनीची सभा. हातात बटणांचं छोटं यंत्र दिलं. तुझ्या दुकानाचा विषय कुठेच नव्हता, सगळे हिशेबाचे ठराव. मी प्रत्येक वेळी 'विरोधात' दाबलं. समोर पडद्यावर प्रत्येक वेळी आलं, विरोधात शून्य टक्के. वाटलं यंत्र बिघडलंय, म्हणून उभा राहून हात वर केला. शेजारचा तरुण हळूच म्हणाला, "आजोबा, इथे हात मोजत नाहीत, शेअर मोजतात. तुमचे इतके थोडे आहेत की आकड्यात दिसतच नाहीत." कोणी हसलं नाही. एका बाईने मला कॉफी आणि खसखशीचा केक आणून दिला. मी तो केक खाल्ला, स्तेफा.

लोद्झा म्हणायची, "सांग तिला. मूर्ख ठरशील, पण चोर तरी ठरणार नाहीस." मी तिला सांगू दिलं नाही. मला वाटलं, दुकान चालूच राहील, मग कशाला सांगायचं. मग ते बंद झालं आणि सांगण्याजोगं राहिलं नाही. शेअर तसेच आहेत, भाव पाचपट झालाय. विकायला हात धजत नाही.

हे सगळं लिहायला मी बसलो नव्हतो.

गेल्या गुरुवारी, उपासांआधीच्या डोनटच्या सणाला, मला टोमणा सुचला नाही. रात्रभर ती कण्हत होती, माझं डोकं चालेना. म्हणालो, "स्तेफा म्हणाली, लवकर बरी हो, तुझी आठवण येते." लोद्झाने हातातला डोनट ताटलीत ठेवला. म्हणाली, "असं स्तेफा बोलत नाही." मग माझी बाही धरली. "ती गेली ना वालेक? गेली आणि तू मला सांगत नाहीस."

मी शपथा घेतल्या. तुझा फोटो दाखवला. ती म्हणाली, फोटो तर मेलेल्यांचेच दाखवतात. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून आहे, तुझ्यासाठी रडते. खात नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती ईस्टरपर्यंत राहील असं धरून चालू नका.

म्हणून लिहितोय. मला माफ करू नकोस, त्यासाठी नंतर वेळ आहे. गाडीत बस आणि ये. दारात थांबू नकोस, सरळ आत ये आणि मोठ्याने बोल. मला शिव्या घाल, सगळ्या घाल, तिला ऐकू जातील अशा. मी कोपऱ्यात उभा राहीन आणि उलट बोलणार नाही. तुझा आवाज ओळखेल ती.

शेवटी घरच्यांचा नमस्कार लिहायची पद्धत आहे. लोद्झाचा लिहिता येत नाही. काल तिने तुझ्या आत्म्यासाठी मेणबत्ती लावायला सांगितली. तू जिवंत आहेस हे तिला पटवता आलं नाही, म्हणून मी लावली. अजून जळते आहे, ती मला विझवू देत नाही.

तुझ्या बहिणीचा नवरा,
वालेंटी