टाकीतलं तेल

१ मार्च, सकाळी
आजपासून पेट्रोल बंद. स्कूटर यापुढे शेवाळाच्या तेलावर. व्हिडिओ पाहिला. वाळलेलं शेवाळ हवा न लागू देता तापवायचं. वाफेतून तेल निघतं, खाली बायोचार उरतो, म्हणजे झाडांना घालायचा कोळसा. बियाण्यांच्या कंपनीत नोकरी केली आहे, डिस्पॅचमध्ये का होईना. एवढं जमेल.
बायकोला, रमाबाईला शब्द दिला. २९ तारखेला कुंभार पिंपळगावला तिच्या भाचीचं, श्रद्धाचं डोहाळेजेवण. घरच्या तेलावर नेणार. ती म्हणाली, न्या, पण येळेवर न्या.

५ मार्च
खूप दिवसांनी नळ आले. रमाबाई ब्रश घेऊन गच्चीवरची टाकी घासायला निघाली. अडवलं. शेवाळ हा आता कच्चा माल आहे.

९ मार्च
वाढ मंद. टाकीत मूठभर युरिया टाकला. मंग आंघोळ कशानं करायची, असं रमाबाईने विचारलं. संशोधनात असे प्रश्न येतातच. शेजारच्या गिरिजाबाईंकडून घागरी आणते. व्यायाम होतो.

१७ मार्च
शेवाळ गच्चीवर वाळत घातलं, रमाबाईच्या कुरडयांशेजारी. वारा सुटला. कुरडया हिरव्या झाल्या. दिसायला वाईट नाहीत.

२३ मार्च
तिचा जुना कुकर घेतला. शिट्टीच्या जागी नळी, नळीचं टोक गार पाण्यातल्या बाटलीत. दुपारपर्यंत नुसता धूर. समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.
संध्याकाळी तेल निघालं. तीन चमचे. काळं, घट्ट. तळाशी बायोचार भरपूर.
सिलिंडर संपला. प्रयोग संपला नाही.

२६ मार्च
पप्पू मिस्त्रीला बाटली दाखवली. वास घेऊन म्हणाला, काका, हे गाडीत टाकू नका, बिलकुल न्हाई. या माणसाला नवीन काही नकोच असतं.

२८ मार्च
सुरुवातीला थोडं पेट्रोल मिसळायला हरकत नाही. थोडं म्हणजे टाकी भरून. तीन चमचे आपले. इंधन तरी घरचंच म्हणायचं.

२९ मार्च
अंबडच्या अलीकडे स्कूटर खोकली आणि बंद पडली. रमाबाई नव्या साडीत, हातात ओटीची पिशवी. मी किक मारतोय. ती रस्त्याकडे बघतेय. एसटी दिसली, तिने हात केला आणि चढली. वळून पाहिलंसुद्धा नाही.
संध्याकाळी पप्पू टेम्पो घेऊन आला. आधी फोटो काढला.

३० मार्च
रमाबाईचा फोन. ओटी भरायला वेळेवर पोचली. दाजी का न्हाई आले, असं सगळ्यांनी विचारलं म्हणे. तिने सांगितलं, पेट्रोलमध्ये कुणीतरी भेसळ केल्ती, गाडी रस्त्यातच बसली. माझं नाव घेतलं नाही. मला भरून आलं.
मग माहेरच्यांनी त्या भेसळ करणाऱ्याला काय काय शिव्या दिल्या, ते तिने सविस्तर सांगितलं. एकही गाळली नाही.
शेवटी विचारलं, टाकी घासली का.
घासतोय. बायोचारने शेवाळ चांगलं निघतं.