चार गावांचा फेटा

सोमवार, देवणी

सकाळी कॉलेजात अनेक देशांच्या वर बसून नियम करणाऱ्या संस्था शिकवल्या. एका मुलीनं विचारलं, "सर, तिथल्या साहेबांना निवडतं कोण?" "सरकारं नेमतात," म्हणालो. "मग लोकांवर हुकूम कसा चालतो?" "उद्या सांगतो," म्हणालो.

संध्याकाळी सीमेवरच्या आमच्या चार गावांची, दोन इकडची, दोन कर्नाटकातली, बैलबाजार समिती बसली. तात्या सरपंचांनी मलाच फेटा बांधला. "आजपासून अध्यक्ष तुम्ही!" पण निवडलं कुणी? चार सरपंचांनी. गावांना पत्ताच न्हाई! फेटा सोडून तात्यांच्या हातात दिला. "आधी चारही ग्रामसभांना विचारा."

"अन् लोक नको म्हणले तर?"

"तर फेटा त्यांचाच हाय, तात्या."

चिडले. चिडू देत. बरंच केलं मी.

सकाळची ती मुलगी या चारांतल्याच, पलीकडच्या गावची. उद्या तिला सांगतो, ग्रामसभेत माझ्या वेळी हात वर करायचा का नाही, तूच ठरव.