बिनट्यूबची चार चाकं

२६ ऑक्टोबर, रविवार

बाबांनी सांगून टाकलं. भाकरी मोडता मोडता. "या हेराल्डच्या चाकाइले ट्यूबलेस बसवून जो अकोल्याले जाईन अन् वापस येईन, मधात कुठं हवा न भरता, त्याचं दुकान. नाई जमलं त गाळा भाड्यानं द्या. मी बोलनार नाई."

कुलदीप हसला. भाड्यानं द्यायचं हे त्याचंच म्हणणं. धाकटा भाऊ आहे, पण हिशेबात थोरला. "बाबा, हे त तुमी मलेच देऊन टाकलं. त्या रिमवर ट्यूबलेस कुठं बसते? मी कायले हात काळे करू?"

माझे काळेच आहेत. कॉलेजात शिकवायचे तास बंद झाल्यापासून मी दुकानात असते. टायर उतरवते, चढवते, पंक्चर काढते. तरी गिऱ्हाईक दारातून आत बघतं आणि विचारतं — "मालक नाई का?"

मी म्हटलं, जमेल.

२७ ऑक्टोबर

गाडी जॅकवर घेतली. बाबांची जुनी हेराल्ड. दोन दारं, तेरा इंची चाकं. इनोव्हाच्या चाकाशेजारी ठेवलं की खेळण्यातलं वाटतं.

बाबा खुर्चीवरून: "स्टेपनीले हात लावू नको. ते भरोशाची आहे."

नाही लावला. मला चारच हवीत.

अडचण साधी आहे. ट्यूब असते तेव्हा हवा ट्यूबमध्ये राहते, रिम नुसती साथ देते. ट्यूब काढली की रिमनंच हवा धरायची. ही रिम दोन तुकड्यांची, रिबिटांनी जोडलेली. रिबीट म्हणजे भोक. शिवाय आजच्या रिमला आतून एक उंचवटा असतो, टायरची कड त्याला अडकून राहते. इथे तो नाही. बोट फिरवून पाहिलं. सपाट.

२८ ऑक्टोबर

नागपूरहून टायर आले. चारही ताजे. कडेवरचे शेवटचे चार आकडे आधी वाचायचे — पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ही सवय बाबांची.

रिमा गंज काढायला इनायतुल्लाभाईंकडे नेल्या. त्यांनी एक उचलून डोळ्यासमोर धरली. "ताई, ये क्या इनोव्हा के बच्चे हैं?"

३० ऑक्टोबर

टायर रिमवर चढतो. फुगत नाही. कडा रिमला टेकतच नाहीत, हवा दोन्ही बाजूंनी निघून जाते. मोठा टायर स्वतःच्या वजनानं जरा पसरतो. हा लहान, ताठ, आखडलेला. कॉम्प्रेसर ओरडतो, टायर ढिम्म.

कुलदीप दारातून: "ताई, तोंडानं फुकून पाह्य!"

३१ ऑक्टोबर

नाही.

१ नोव्हेंबर

आत्याचा फोन आला. माणिकआत्या, अकोला, जठारपेठ. ती कधी फोन करत नाही. फोन आपण करायचा आणि तिनं रागवायचं, अशी रीत.

"काय करून राहिली?"

सांगितलं. टायर, कडा, हवा. तिला काय कळणार असं वाटत होतं.

"भातकुलीले आमी पऱ्हाटीच्या काड्याइचा भारा कसा आवळत होतो? दोर घालाचा. दोरात काठी घालाची. पीळ द्याचा. तसा मधातून आवळ त्याले. बाजूनं फुगन."

मी हसले.

"हास. शिकलेली हायेस, हासशीनच." फोन ठेवला.

जाड दोर घेतला. टायरच्या मध्यावरून एक वेढा. काठी घातली, पीळ दिला. टायर मधून दबला — आणि दोन्ही कडा बाहेर आल्या, रिमला टेकल्या! हवा सोडली. धरली! दोर वेळेत सोडायचा, नाहीतर तुटून तोंडावर बसेल. सोडला. हवा वाढवली.

टाक! एक कड बसली.

टाक! दुसरी.

मी ओरडले. रस्त्यावरचे लोक थांबले. बाबांनी पेपर खाली केला नाही. "आवाज त फटाक्याचाबी होते. हवा राह्यली पायजे."

२ नोव्हेंबर

राहिली नाही. काल रात्री चारही चढवली होती, सकाळी त्यांतली दोन चपटी. पाण्याच्या टाकीत बुडवली. रिबिटांपाशी बुडबुडे, बारीक, न थांबणारे.

सगळं पुन्हा उतरवलं. प्रत्येक रिबीट आतून घासलं, पुसलं, सीलंट भरलं. दोनच चपटी झाली होती, पण चारही केली. घाई नाही. सुकू दे.

५ नोव्हेंबर

पुन्हा दोर, पुन्हा काठी. आठ वेळा टाक! टाकीत बुडवली. पाणी स्वच्छ. आरशासारखं नाही, आमची टाकी आहे ती. पण एक बुडबुडा नाही!

९ नोव्हेंबर, रविवार

नांदगाव पेठेला गेले. एमआयडीसीचा मागचा रस्ता रविवारी रिकामा. बाबा शेजारी.

वळणावर जोरात स्टिअरिंग फिरवलं. फस्स! पुढचं डावं चाक. कड जागा सोडून आत सरकली, टायर जमिनीला.

बाबा एवढंच म्हणाले, "हं."

खाली बसले. विचार केला. मी ट्यूबच्या हिशेबानं कमी हवा भरली होती — बाबा नेहमी भरत तेवढी. ट्यूबला ती चालायची. इथे कडेला जागेवर दाबून धरणारं दुसरं काहीच नाही, हवाच आहे. मग हवा जास्त हवी. पाय पंप, दोर, काठी. सगळं डिकीत आणलं होतं. घाम निघाला. चारही चाकांत तीस पौंड.

पर्समध्ये खडू सापडला. कॉलेज सुटलं, खडू सुटला नाही. टायर आणि रिम मिळून एक आडवी रेघ ओढली. टायर रिमवर फिरला तर रेघ तुटेल.

डावीकडे गोल. उजवीकडे गोल. पुन्हा. आणखी जोरात. बाबांनी दाराचा दांडा धरला.

उतरून पाहिलं. रेघ अखंड. चारही.

ब्रेक दाबायचा हळू, वळायचं हळू, हे लक्षात ठेवायचं. ही म्हातारी आहे. पण धरते!

११ नोव्हेंबर

उद्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गेलो. आलो.

बडनेरा सोडलं आणि गाडी मोकळी झाली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. बाबा शेजारी. मागे कुलदीप त्याच्या गाडीत, हवा भरायचं यंत्र घेऊन. "लागनच," म्हणाला होता. "मी आहो मांगं, भेऊ नको."

मूर्तिजापूरला चहा. कुलदीप चारही चाकांना लाथ मारून आला. चहा गार झाला त्याचा. माझा फार गोड लागला.

जठारपेठेत आत्या फाटकात उभी. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, मला पुढे घ्यायला लावली. मग चपलेनं टायर दाबला. "फुगले का शेवटी?" बाबांकडे बघून हसली. बाबा चप्पल काढायला वाकले.

परत येताना दिवस मावळला. बाबा झोपले होते. दुसरं कुणी गाडी चालवत असलं की ते कधी झोपत नाहीत. कुलदीप बडनेऱ्यानंतर पुढे निघून गेला.

१३ नोव्हेंबर

काल हवा मोजली नाही. गरम चाक खोटा आकडा सांगतं. आज सकाळी, कुलदीपसमोर, त्याच्याच गेजनं.

तीस. तीस. तीस. एकोणतीस.

"एकोणतीस!" कुलदीप.

"मोजताना निसटते थोडी," बाबा म्हणाले.

कुलदीपनं गेज खिशात टाकला. "घे ताई. दुकान तुहं. पन माह्या गाडीचे टायर फुकट बदलून द्याचे."

"फुकट नाही. हप्त्यानं," मी म्हटलं. तो खरंच हसला.

दुपारी एकजण आला. दारातून आत बघितलं. "मालक नाई का?"

बाबा खुर्चीतून उठले. "त्या काय समोर उभ्या. दिसून नाई राहिल्या का?"

मी टायर हातात घेऊन उभी होते. "बोला," म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

बाबा गावी, भातकुलीला गेले. दुकान बंद, पण आता माझंच, म्हणून उघडलं. पाचवं चाकही ट्यूबलेस करावं म्हणून हेराल्डची स्टेपनी बाहेर काढली.

वॉल्व्ह बुडाशी जाड. ट्यूबचा असा नसतो, ट्यूबलेसचा असतो. कडेवरचे शेवटचे चार आकडे: १४१९. म्हणजे एकोणीस साल. गेज लावला. तीस.

स्टेपनीच्या जागेत खाली दोराचं एक जुनं, धुळकट वेटोळं, माझं नव्हे. दोरात काठी.

कुलदीप रस्त्यावरून जाताना थांबला. "काय झालं? आहे का हवा?"

"आहे."

स्टेपनी होती तशी ठेवली. डिकी लावली.