खाऱ्या पाण्यात तो वर यायचा

भाईंदर पूर्व
५ जून १९९४

प्रिय सुलू,

उत्तमला जाऊन आज तीन आठवडे झाले. तुझं पत्र परवा मिळालं. आईंनी जेवण टाकलंय हे वाचलं. त्या वॉचमनला फाशी होईल का, असं तू विचारलं आहेस. केरबा अजून सरकारी दवाखान्यात आहे. उजवा हात दोन ठिकाणी मोडलाय, एका डोळ्याने दिसत नाही. खाटेजवळ हवालदार बसलेला असतो. बरा झाला की खुनाच्या आरोपाखाली कोर्टात उभा करतील. मला लिहायची सवय नाही, बोलायचीही नाही, हे तुला माहीत आहे. तरी हे शेवटपर्यंत वाच. आईंना वाचून दाखवण्याआधी तू एकटी वाच.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात उत्तम ताईकडे म्हणून आपल्याकडे राहायला आला, तेव्हा त्याला पाण्याची भीती वाटायची. तुमच्या गावात विहिरीला तळ दिसायचा, पोहणार कुठे? मी त्याला मिठागराच्या साठवणीच्या तळ्यावर नेलं. तू बांधावर कपडे सांभाळत बसायचीस. वैशाखात ते पाणी आटून इतकं खारट व्हायचं की उताणं पडलं की अंग आपोआप वर राहायचं. खोलीही छातीएवढीच. डोळे झोंबायचे, सुकल्यावर अंगावर पांढरी पुटं धरायची. आठ दिवसांत तो हात मारायला लागला. मग त्याला एक चाळा लागला. डोळे मिटून मेल्यासारखा पडून राहायचा. तू घाबरून हाका मारायचीस आणि तो खदखदून हसत उठायचा. आम्ही दोघंही स्वतःला पोहणारे समजत होतो. मीही तिथेच शिकलो होतो. दुसऱ्या पाण्यात आम्ही कधी उतरलोच नव्हतो.

त्या नव्या कॉम्प्लेक्समधल्या पोहण्याच्या तलावाच्या पंपाचं वायरिंग उत्तमने केलं, ते तो सगळ्यांना सांगत होताच. त्या रविवारी दुपारी तो मला तो तलाव दाखवायला घेऊन गेला. फाटकावर केरबाने अडवलं. मेंबराबिगर पाण्यात उतरायचं न्हाई, म्हणाला. उत्तमने आवाज चढवला, त्यानेही चढवला. गॅलरीतून लोक बघत होते. मग दोघं एकाच तालुक्यातले निघाले आणि केरबा हसून म्हणाला, जा पाव्हणं, पर काठावरूनच बगा. पाणी निळं, काचेसारखं होतं. खालची लादी हाताला लागेल इतकी जवळ दिसत होती. क्लोरीनचा वास येत होता. उत्तमला शेवटची आंघोळ घालताना तू विचारलंस ना, ह्याच्या अंगाला दवाखान्याचा वास का येतोय? तो हा वास.

तो मला तलाव दाखवायला घेऊन गेलाच नव्हता. काठावर पोचल्यावर म्हणाला, दाजी, ताईच्या कानाला काय झालं होतं? मी म्हटलं, नळापाशी पडली. तो म्हणाला, नळ हात उगारतो का दाजी? मग त्याने माझी कॉलर धरली. पुन्हा तिच्या अंगाला हात लावलास तर इथंच बुडवीन तुला, म्हणाला. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो मला अरे-तुरे करून बोलला. मी दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर जोर लावून ढकललं.

तो खोल बाजूला पडला. एकदा डोकं वर आलं, हात आपटले, मग खाली गेला. मी काठावर उभा होतो. मला वाटलं, त्याचं तेच नाटक चाललंय. मनात म्हटलं, कर किती करायचं ते. मी रागात होतो सुलू, आणि मी थांबलो. किती वेळ ते सांगता येत नाही. फाटकावरून केरबा ओरडत आला, त्या आवाजाने लोक पुन्हा गॅलरीत आले. त्याने काठी पाण्यात घातली, धर, धर बाबा म्हणत राहिला. उत्तम पुन्हा वर आला तेव्हा काठीची लोखंडी कडी त्याच्या कपाळाला लागली. पाणी लाल झालं. तेव्हा मी उडी मारली आणि दगडासारखा खाली गेलो. नाकातोंडात पाणी गेलं. शिडीची दांडी हाताला लागली म्हणून वाचलो. मलाही पोहता येत नव्हतं.

लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. किसने मारा, कोणीतरी विचारलं. वॉचमनने, वॉचमनने, वरून आवाज आले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोललो नाही. मग त्यांनी केरबाला धरलं. आधी हातांनी, मग स्टंपांनी, मग पाइपाने. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो लादीवर रांगत माझ्यापर्यंत आला. सायेब, तुमी सांगा की, म्हणाला. त्याचे दात पडले होते. पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याच्या तोंडावर लाथ घातली. त्याचा डोळा माझ्या लाथेने गेला.

काल त्याची बायको मुक्ताबाई घर शोधत आली. रडली नाही, पाणीही घेतलं नाही. सायेब, तुमी तितं व्हता, काय बगितलं तेवढंच बोला, एवढं म्हणून दारात उभी राहिली. मी दार लावून घेतलं. ती संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून होती. उद्या सकाळी हे पत्र पोस्टात टाकून मी पोलीस स्टेशनला जातोय. मी ढकललं, मी थांबलो, केरबाची काठी त्याला वर काढायला होती आणि लाथ माझी होती, हे सगळं लिहून देणार आहे. तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. तुझ्या भावाने तुझ्यासाठी माझी कॉलर धरली होती, हे आईंना नक्की सांग. तू नळापाशी पडली नव्हतीस, तेही मी उद्या लिहून देईन.

आजवर तुझाच,
गुणवंत