न झालेली कावीळ

चिपळूण,
१३ जानेवारी २०२५

चि. शुभंकर यास, अ. उ. आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा जुना मार्ग. सोबत माझा पत्ता घालून, तिकीट लावून दोन पाकिटं ठेवली आहेत. तेव्हा पोस्टात जायचा कंटाळा आला ही सबब चालणार नाही.

तू स्वतःला इजा करून घेतलीस, रत्नागिरीच्या दवाखान्यात नऊ दिवस काढलेस आणि घरी येऊन आज चौथा दिवस. मी तीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते. असा पेशंट वॉर्डात असला की मी निश्चिंत असे. तो घरी गेल्यावरचे पहिले आठवडे मला धास्तीचे वाटत, कारण घरच्यांना वाटायचं, सुटलो एकदाचे. म्हणून डॉक्टरांनी दिलेला गुरुवार चुकवू नकोस. आणि मला खरं सांग, अजून मरावंसं वाटतं का? विचारलं म्हणून कुणाच्या मनात ते येत नाही, एवढं मी नोकरीत शिकले. उत्तर काहीही असो, रागावणार नाही. अक्षराला मात्र रागावेन.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्राने वाढव.

तुझी,
मालनआत्या

पावस,
१८ जानेवारी

ती. मालनआत्यास, शि. सा. न. वि. वि.

अक्षर सहन कर. इथे मला कावीळ झाली आहे. घाबरू नको, म्हणजे आईने वाडीत तसं सांगितलं आहे. जेवायच्या वेळी हमखास कोणीतरी डोकावतं, म्हणून तेल बंद, मासळी बंद, खरोखरच मऊ भात. काल शेजारी बांगडे तळत होते आणि मी नुसता वास घेत बसलो. दगडी गडग्यापलीकडच्या शेजारच्या कमळाकाकू रोज चार वाजता उसाच्या रसाचा तांब्या आणतात आणि तो संपेपर्यंत उठत नाहीत. पापणी ओढून डोळे बघतात. उतार पडलाय म्हणाल्या.

गुरुवारी गेलो नाही. कावीळ उतरलेला माणूस पुन्हा एवढ्या मोठ्या दवाखान्यात कशाला, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे आईला सुचेना. मीही जोर केला नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. मंगळवारी दुपारी फार वाटलं. मग चार वाजले. हे आईला माहीत नाही.

माया असू दे.

तुझा,
शुभंकर

चिपळूण,
२५ जानेवारी

चि. शुभंकर यास, अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्याबरोबर वहिनीला फोन केला आणि पहिली एसटी पकडली, ते तू पाहिलंसच. एसटीत तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचत होते, हे मात्र तुला सांगितलं नव्हतं. गुरुवारी तुला घेऊन गेले, तर डॉक्टरांपुढे तू अर्धा तास बोललास. घरी आम्हाला दोन शब्द मिळायची मारामार.

वहिनीवर चिडू नकोस. लोकांनी तुला वेडा म्हणू नये म्हणून तिने कावीळ आणली. आता तुला एकटं ठेवायचं नाही आणि दर गुरुवारी स्वतः न्यायचं, असं तिने मला वचन दिलंय. वाडीत खरं सांगायचं की नाही, ते तू ठरव. तोवर रस पी, रक्ताला बरा.

मन जड झालं तर पत्राची वाट बघू नको, फोन कर. या म्हातारीवर एवढी कृपा कर.

तुझी,
मालनआत्या

पावस,
२ फेब्रुवारी

ती. मालनआत्यास, शि. सा. न. वि. वि.

तू नेलास तो धरून दोन गुरुवार झाले. या गुरुवारी आईने एसटीत कंडक्टरलासुद्धा कुठे चाललोय ते सांगितलं, त्याने विचारलं नव्हतं.

काल मी कमळाकाकूंना सांगून टाकलं, की कावीळ नव्हती, जगावंसं वाटत नव्हतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग चिडून विचारलं, की मेल्या, मग एवढा रस कशाला ढोसलास. मी म्हटलं, तो संपेपर्यंत तुम्ही बसायचात म्हणून.

आज चार वाजता त्या तळलेले बांगडे घेऊन आल्या आणि काटेसुद्धा संपेपर्यंत बसल्या.

तू विचारशीलच, म्हणून लिहितो. या आठवड्यात एकदा वाटलं, सोमवारी. आईला हाक मारली.

हे तुझं दुसरं पाकीट. संपली. पुढची जरा जास्त पाठव, वर्षभराची पाठवलीस तरी लागतील.

तुझा,
शुभंकर