माझ्या यंत्राची निर्दोष सिद्धता

४ मार्च, सोमवार. सकाळी १०.
आमचा प्रोग्राम गणितातल्या सिद्धता तपासतो. एका प्राध्यापक बाईंचा ईमेल: त्यांच्याकडे त्याने शून्य बरोबर एक, हे मान्य केलं. म्हणजे माझ्या बाइटकोड यंत्राने. प्रोग्राममधला भराभर हिशेब करणारा तो भाग अकरा वर्षं मी सांभाळतोय. बाईंचाच घोळ असणार. असं वाटणं योग्य आहे का? आहे.

संध्याकाळी.
बाईंचा घोळ नाही. हिशेब फाइलमध्ये साठवून परत वाचला की मोठ्या आकड्याचं शून्य होतं. साठवण्याचा कोड चष्म्याचा. कॉलेजपासूनचा मित्र, त्याला दोष देणार नाही. फक्त सगळ्यांना कळवलं.

५ मार्च.
चष्म्या म्हणाला, अरे बाबा, तुझं यंत्रच मला शून्य देतं, मी दुसरं काय साठवू? नव्या आवृत्तीतून यंत्र काढून टाकावं, असा प्रस्तावही त्यानेच शुक्रवारच्या मीटिंगसाठी दिलाय. तीन वर्षं एका खोलीत राहिलो आम्ही. त्याचं म्हणणं तपासलं. बरोबर निघालं. त्यामुळे जास्तच लागलं. चूक दुरुस्त केली.

६ मार्च.
संकल्प: भांडायचं नाही. ‘यंत्र कधीच चुकत नाही’ हे आपल्याच प्रोग्राममध्ये रीतसर सिद्ध करायचं. मग बघू कोण काढतो.

७ मार्च. रात्री उशिरा.
सिद्ध झालं. चार सेकंदांत. आमची ही शाळेत शिकवते. जेवताना तिने विचारलं, तपासलं कोणी? म्हटलं, यंत्राने. म्हणाली, म्हणजे पोराने आपला पेपर आपणच तपासला. हिला यातलं कळत नाही. तरी झोप लागत नाही.

८ मार्च, शुक्रवार.
मीटिंग. सिद्धता दाखवली. चष्म्याने माझ्या विधानातला ‘नाही’ पुसला, ‘यंत्र चुकतं’ असं केलं आणि तीच सिद्धता पुन्हा तपासायला दिली. मान्य. तीन सेकंदांत. एक सेकंद वाचला, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. चष्म्याचं एक वेळ समजू शकतो. पण यंत्राने असं वागावं?
प्रस्ताव मंजूर. विरोधात कोणी नाही. मीही नाही, पुरावा डोळ्यांसमोर होता.

११ मार्च, सोमवार.
काढायचं काम माझ्याकडेच. आतलं दुसऱ्या कोणाला कळत नाही म्हणे. दुपारपर्यंत काढलं. चष्म्या चहाला बोलवायला आला. म्हटलं, दगाबाजांबरोबर मी चहा घेत नाही. मग गेलो. परत येऊन सगळ्या चाचण्या लावल्या.
सगळ्या पास. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.