भाईचे पाच डिफेन्सिव्ह बॅक

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

पुन्हा भांडण! भाईचा लांबलचक व्हॉइस मेसेज, आणि त्यात निम्म्याहून जास्त मलाच बोलणी. "काय गो जवी, किती चेंडू पकडले तेवढंच मोजतेस? भाजी घेतेस काय?"

मी एवढंच म्हटलं होतं की यंदा ग्रीन बे संघाचा मॅकिनी पहिल्या नंबरावर. मोसमाच्या पहिल्या पाचही सामन्यांत त्यानं समोरच्यांचा चेंडू हवेतल्या हवेत पळवला. खोटं आहे का? पण भाईचं एकच पालुपद — डेन्व्हरचा सर्टन! "ज्याच्या बाजूला चेंडू फेकायलाच लोक धजत नाहीत, तो पकडणार कुठून? तोच खरा डिफेन्सिव्ह बॅक." बरं बाबा.

हे वेड मला त्यानंच लावलं. कुवेतमधल्या फहाहीलच्या या फ्लॅटमध्ये तो आमच्याकडे चार वर्षं होता. कामावरच्या अमेरिकन लोकांकडून हा अमेरिकन फुटबॉल शिकून आला आणि रविवारी संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसायला लागला. माझा नवरा इद्रीस कंटाळून आत जायचा, मी बसायचे. सगळं जग चेंडू फेकणाऱ्याकडे बघतं. भाईनं मला मागच्या माणसांकडे, कडेचे कॉर्नरबॅक नि मधले सेफ्टी यांच्याकडे, बघायला शिकवलं — समोरच्याला चेंडू झेलू द्यायचा नाही, एवढंच ज्यांचं काम. तो अमेरिकेत, ह्यूस्टनला गेल्यापासून आमचा नेम ठरलेला. मोसम संपला की दोघांनी आपापले पाच सांगायचे आणि मग महिनाभर कचाकचा भांडायचं. भाभी म्हणते, तुम्ही दोघं वेडे आहात.

सध्या मला दुसरं काम तरी काय? सातवा महिना, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, पलंग सोडायचा नाही, मनाला ताप करून घ्यायचा नाही. गेल्या वर्षीचं बाळ सहाव्यात गेलं. या वेळी मी शिंकतेसुद्धा जपून.

मेसेजच्या शेवटी म्हणतो, "भाची झाली तर तिला कॉर्नरबॅक करू." येडा कुठला!

१९ नोव्हेंबर

इद्रीस दुपारीच घरी आला. डोळे लाल. म्हणे, प्लांटवर धूळ होती. मग माझा फोन घेऊन बसला आणि त्यातलं फेसबुक, सगळे घरचे ग्रुप काढून टाकले. "डॉक्टर म्हणाल्या, डोक्याला त्रास नको." मला न विचारता! संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. एरवी मनवायला येतो. आज आला नाही, गच्चीवर जाऊन उभा राहिला.

२१ नोव्हेंबर

भाईला चार मेसेज केले, एकाचं उत्तर नाही. इद्रीस म्हणतो, तुझा भाई साबीर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला गेलाय, तिथे नेट नसतं. मला न सांगता गेला? इद्रीसला सांगून?

२७ नोव्हेंबर

आला एकदाचा मेसेज! "प्लॅटफॉर्मवर आहे. कॉल लागत नाही. काळजी करू नकोस. गोळ्या वेळेवर घे."

बस. एवढंच. मॅकिनीचं नाव नाही, सर्टनचं नाही, मला एक शिवी नाही. हा काय भाई झाला?

९ डिसेंबर, सोमवार

काल सामना लावला. एकटीनंच पाहिला. मधेच उशी भिरकावली, इतका सुंदर चेंडू अडवला एकानं! उत्साहानं भाईला बोलून पाठवलं, दोन मिनिटं बोलत होते. आज उत्तर — "छान खेळला. तू जेवलीस का नीट?"

कोण छान खेळला? मी तर दोघांबद्दल विचारलं होतं. ऐकलंच नाही त्यानं. माझा आवाज ऐकायलाही वेळ नाही साहेबांना.

रडू आलं. इद्रीस पाणी घेऊन आला नि म्हणाला, "तो कामात असेल गं." आणि मग स्वतःच बाथरूममध्ये जाऊन कितीतरी वेळ नळ सोडून बसला. माझ्याबरोबर याचीही तब्येत बिघडणार वाटतं.

२२ डिसेंबर

गल्फ कप सुरू झालाय. खालच्या बकाल्याच्या किराणा दुकानापासून गाड्यांपर्यंत सगळीकडे कुवेतचे झेंडे, रस्त्यावर हॉर्न. यांचा फुटबॉल वेगळा, पण हॉर्न ऐकून मला भाईचीच आठवण. सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा ओरडायचा.

शेजारची असमा सांदणं घेऊन आली. माझ्याजवळ बसली, हात धरला आणि एकदम रडायलाच लागली! गरोदर बाईसमोर असं कुणी रडतं? इद्रीसनं तिला जवळजवळ ओढतच बाहेर नेलं.

दापोलीला अम्मीला फोन केला. आवाज पार बसलेला. "सर्दी झालीय गो बाय." व्हिडिओ कर म्हटलं तर, "नेट चालत नाही." दोन मिनिटांत ठेवला. अम्मी! जी माझ्याशी तासभर बोलल्याशिवाय भात चढवत नव्हती!

१ जानेवारी २०२५

नवं वर्ष. मला कुणी नको आहे आणि मीही कुणाला नको आहे. भाईचा मेसेज — "खुश राहा. अल्ला सलामत ठेवो." लग्नाच्या पत्रिकेवर छापतात तसलं. मी उत्तर दिलं नाही. देणारही नाही. माझा एकुलता एक भाऊ, आणि त्याला मी जड झाले. दुसरं काय समजू?

६ जानेवारी, सोमवार

मोसमाचे साखळी सामने संपले. मी रुसलेली होते तरी आज माझे पाच पाठवले. नाही राहवलं. वर सर्टनला घातलं पहिल्या नंबरावर! भाईला बरं वाटावं म्हणून. वाटलं, आता तरी उड्या मारेल, "आली का अक्कल" म्हणेल.

संध्याकाळी त्याचे पाच आले. पहिला डेट्रॉइटचा केर्बी जोसेफ, नऊ चेंडू पकडले. दुसरा मॅकिनी, आठ. उरलेले तिघं सहा-सहावाले. प्रत्येक नावापुढे आकडा लिहिलेला, नीट उतरत्या क्रमानं.

आणि सर्टन नाहीच!

नेटवरून पाहून खरडलेत. पाच मिनिटंसुद्धा माझ्यासाठी काढवली नाहीत. याच्यापेक्षा काही पाठवलं नसतं तर बरं होतं.

७ जानेवारी

राहवेना. लिहिलं — "भाई, सर्टन कुठाय?"

खूप वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. थांबलं. पुन्हा दिसलं. मग आलं — "त्याने चारच तर पकडले. जोसेफने नऊ."

मी हसले. खरंच मोठ्यानं हसले. आणि मग ते वाक्य पुन्हा वाचलं.

भाई चिडेल, भांडेल, चार दिवस अबोला धरेल, आळशीपणा करेल. पण चेंडू मोजणारं हे वाक्य लिहिणार नाही. ताप चढला असला तरी नाही. तिकडे कुणी डोक्याला बंदूक लावली तरी नाही.

हा भाई नाही.

८ जानेवारी

इद्रीसला समोर बसवलं. म्हटलं, "माझ्या पोटावर हात ठेव आणि सांग, साबीर कुठे आहे?"

त्यानं हात ठेवला नाही. तोंड झाकून घेतलं.

अठरा नोव्हेंबरला. सकाळी कामावर जाताना. ट्रकनं मागून ठोकलं. जागच्या जागी. मय्यत दापोलीला आणली, अब्बांच्या शेजारी दफन केलं. सगळ्यांनी मिळून ठरवलं, बाळ होईपर्यंत जवीला कळता कामा नये. फहाहीलमधल्या सगळ्या कोकणी घरांना निरोप गेला होता. गेल्या खेपेसारखं काही होऊ नये म्हणून. डॉक्टरीणबाईही हो म्हणाल्या.

माझा भाऊ मातीत होता आणि मी इथे त्याच्यावर रुसून बसले होते! त्याला आळशी म्हणत होते!

ओरडायचीही सोय नाही. पोट धरून रडले. हळू. बाळ आतून लाथा मारत होतं.

आज याच्याहून जास्त लिहवत नाही.

९ जानेवारी

सकाळी विचारलं, "मग मेसेज कोण करतं? भाभी?"

इद्रीस म्हणाला, "तिला कुठे काही सुधरतंय? मय्यतीबरोबर दापोलीला आली तेव्हा तिनं साबीरचा फोन अम्मींच्या हातात दिला. अम्मीच करतात. दुपारी चष्मा लावून बसतात, नेटवर शोधून शोधून वाचतात. परवा मला फोन करून विचारत होत्या, 'बेटा, हा सेफ्टी नि कॉर्नर यांत फरक काय रे? जवी हटकून विचारेल.'"

मला कळलंय हे अम्मीला सांगायचं नाही, असं इद्रीसला बजावलं. मग भाईच्या नंबरवर लिहिलं —

"यंदा तुझेच पाच बरोबर. मी हरले. आता दोन घास जेव आणि झोप."